तुमच्या मुठीतला गोळा

देवास, १८ नोव्हेंबर. साचा घासायला घेतला आहे.

चार खणांचा, तुमचा साचा, वन्सं. पितळी ब्रशने घासते आहे. लोखंडी ब्रशने चरे पडतात आणि एकदा चरा पडला की पुढच्या प्रत्येक गोळ्यावर त्याची रेघ उमटते, हे तुम्ही मला इतक्यांदा ऐकवलंत की मी लोखंडी ब्रश भंगारवाल्याला देऊन टाकला. त्यानंतरही तुम्ही ऐकवतच राहिलात. आता शेडमध्ये लोखंडी ब्रश नाही आणि ऐकवणारंही कोणी नाही, तरी घासायला लागण्याआधी मी ब्रश उलटा करून बघून घेतला.

मधे मधे हात पुसून हे लिहिते आहे. समाजाच्या पत्रिकेवाल्यांचा फोन आला होता. जन्म, शिक्षण, धारच्या कॉलेजातली नोकरी, असं सगळं त्यांना हवं होतं, आणि शेवटी 'अत्यंत प्रेमळ स्वभाव' असं टाकू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, बाकीचं त्यांच्या भावाकडून घ्या, स्वभावाचं मी लिहून देते. ते म्हणाले, दोन पानं चालतील. म्हणजे जास्त लिहिलं तर कापतील. कापू देत.

कापण्यावरूनच सगळं अडलं आहे.

तुमचे दोन गोळे आहेत, एक टेबलावर, एक फळीवर. पत्रिका वाचणाऱ्यांना गोळा म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर त्यांना वाटेल तुम्ही शेवटच्या वर्षांत लाडू वळत होतात. गोल्फचा चेंडू वरून पांढरा, खळग्याखळग्यांचा दिसतो. ते नुसतं साल. आत मोठ्या लिंबाएवढा भरीव रबराचा गोळा असतो आणि चेंडू लांब जातो तो त्या गोळ्याच्या जिवावर. आपण तेवढाच करतो. साल चढवणारे दुसरे.

शेवटच्या खेपेला तुम्ही तुमच्या पद्धतीने साचा भरलात तेव्हा चार गोळे निघाले. दोहोंत हवा अडकली, ते फुकट. दोन चांगले. नियम तुमचाच: प्रेसमधून निघालेलं रबर एक दिवस निजू द्यायचं, मग त्याला हात लावायचा. दुसऱ्या दिवशी तुम्हाला इंदूरला दवाखान्यात न्यावं लागलं. एक गोळा फळीवर राहिला आणि एक तुम्ही पर्समध्ये टाकलात. तिथे पडल्या पडल्या तुम्ही तो मुठीत दाबत होतात. नर्सला वाटलं, डॉक्टरांनी व्यायामाला दिला आहे. ती येता-जाता म्हणायची, "हाँ आंटीजी, ऐसे ही दबाते रहो." तुम्ही मला हळूच म्हणालात, "हिला सांगू नकोस हं, नाहीतर बिलात लावतील."

शेवटी तिनेच मला प्लास्टिकच्या पिशवीत तुमचा चष्मा, दोन बांगड्या आणि तो गोळा आणून दिला.

यांतला एक गोळा मधोमध कापायचा आहे. आपलं भांडण त्याच्या पोटात आहे. तुमचं तेरावं होऊन आठवडा झाला, मी रोज शेडमध्ये येते, करवतीपाशी जाते आणि दुसरं काम काढते. काल पंपाच्या वायसर मोजत बसले. कैलास भियाने प्रेसवरून मान वळवून विचारलं, "भाभी, साफ बता दो. इसको काटना है के अगरबत्ती लगाना है?"

मी म्हटलं, "तुम्ही तुमची प्रेस बघा."

"वो तो देख रिया हूँ," तो म्हणाला. "प्रेस तो चल री है."

*

मी या घरात आले तेव्हा तुम्ही मला पहिल्या दिवशी सांगितलंत, मला ताई म्हणू नकोस, आपल्यात वन्सं म्हणतात. देवासला माझ्या माहेरी आई तिच्या नणंदेला वन्सं म्हणायची, पण माझ्या वयाच्या कोणी म्हणत नव्हतं. आता आमच्या रेवाला तो शब्द समजावून सांगावा लागतो. "म्हणजे बुआ?" "तुझी आत्या, माझ्या वन्सं." "एकाच बाईचे इतके शब्द?" ती विचारते. तुम्ही मात्र मला दोनच नावांनी हाक मारलीत. सगळं ठीक असलं की मंगल आणि तू. भांडण असलं की वहिनी आणि तुम्ही. शेडमध्ये मी बहुतेक दिवस वहिनीच होते.

शेड आमची, वायसरची. पंपाच्या वायसर, पाइपाचे पॅकिंग, काळं साधं रबर. कोणा खरेदीवाल्याने विचारलं, गोल्फच्या चेंडूचा आतला गोळा करून दाखवाल का, नमुना म्हणून. तुमचे भाऊ हसले. "गोल्फ? देवासात कोण खेळतं?" तुम्ही नुकत्याच निवृत्त झाला होतात, दिवाळीला आला होतात आणि घरात बसून सगळ्यांच्या डोक्यावर मिरे वाटत होतात. तुम्ही म्हणालात, "खेळतं कोण ते राहू दे. उडतं कसं ते बघू."

आणि मग तुम्ही धार ते देवास सुरू केलंत. सोमवारी सकाळची बस, इंदूरला बदलायची, दुपारी फाटकाशी. खांद्याला कापडी पिशवी, पायांत कॅनव्हासचे बूट, साडी जराशी वर खोचलेली. शुक्रवारी परत धार. धारच्या त्या दोन खोल्यांत तुमचं काय अडकलं होतं ते मला कधी कळलं नाही. मी दर वर्षी म्हणायचे, इकडेच येऊन राहा, बसचा वेळ वाचेल. तुम्ही म्हणायचात, "वाचलेल्या वेळाचं काय करू, तुझ्याशी भांडू?"

तेच म्हणायचं होतं मला. बसचा वेळ हे काही खरं कारण नव्हतं. शनिवार-रविवार शेड बंद असायची, घर भरलेलं असायचं, आणि तरी मला सोमवार दुपार हवी असायची. हे मी कधी बोलले नाही. बोलण्यासारखं वाटलंच नाही. तुम्ही येतच होतात.

*

तुमचं मिश्रण मला आता झोपेतही सांगता येईल. पांढरं, उड्या मारणारं रबर, पॉलीब्युटाडाईन. त्याला कडकपणा द्यायला जस्ताचं मीठ. वजन बसवायला जड पांढरी पूड. आणि सगळ्यांत शेवटी, मिश्रण मळायचे रोल जरा थंड झाल्यावर, पेरॉक्साइड, जे तापलं की रबराचे धागे एकमेकांना कायमचे बांधून टाकतं. पहिल्या वेळी तुम्ही जस्ताचं मीठ जरा जास्त घातलंत आणि गोळा दगड झाला. दुसऱ्या वेळी कमी, तर तो नुसता लोळायला लागला. तिसऱ्या वेळी चांगला उडाला आणि तुम्ही तो रेवाला खेळायला दिला नाहीत म्हणून ती रुसली.

चाचणीची जागा तेव्हा घराच्या मागच्या व्हरांड्यात होती. भिंतीवर तुम्ही खडूने फूट आणि इंच आखलेत. खाली काय ठेवायचं? लोखंडी पाटी आवाज करते, फरशी दबते. तुम्हाला स्वयंपाकघरातला जुना पाटा सापडला. इतका झिजलेला की त्यावर चटणी सरकायची, वाटली जायची नाही. सपाट, काळा, जड. गोळा सोडायचा, टण्‌ करून वर येतो तिथे खुणेला डोळा लावायचा. महिनाभर छान चाललं.

मग एका सोमवारी सगळे गोळे वेडे झाले. एक डावीकडे, एक उजवीकडे, एक तुमच्या नाकाशी. उंचीचं काही ठिकाण राहिलं नाही. तुम्ही म्हणालात, जस्ताचं मीठ ओल धरून बसलं. मी म्हटलं, प्रेस नीट तापत नाही. तुम्ही म्हणालात, तुमची प्रेस, वहिनी, तुमच्या वायसरसारखीच आहे, काळी आणि हट्टी. मी म्हटलं, तुमचं मीठ तुमच्यासारखं, दुसऱ्याचं ऐकत नाही. आपण दोघी दोन दिवस एकमेकींशी फक्त कैलास भियामार्फत बोललो. तुम्ही मिश्रण बदललंत, मी प्रेसच्या तारा बदलल्या.

बुधवारी जेवताना सासूबाई म्हणाल्या, "त्या टाकीवालीकडून मी पाटा पण टाकून घेतला हो. इतका गुळगुळीत झालेला, लाज वाटते कोणी बघितलं तर. मागे कशाला नेऊन टाकला होतात?"

तुम्ही घास हातात धरून माझ्याकडे बघितलंत. मी तुमच्याकडे. छिन्नीचे घाव घालून घालून त्या बाईने पाटा असा काही खडबडीत करून दिला होता की त्याच्यावर गोळा कुठल्या तोंडाने सरळ उडणार? तुम्ही इतक्या हसलात की ठसका लागला. मग जेवण अर्धं टाकून आपण दोघी मागे गेलो आणि पाटा उलटा केला. त्याची पाठ आजही वापरात आहे. सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही आपण त्यांना का एवढ्या प्रेमाने विचारत होतो की आणखी काय काय टाकून घेतलंत.

*

आता आपलं खरं भांडण.

खरेदीवाल्यांना चेंडू लांब जाणारा हवा आणि हाताला मऊ लागणारा हवा. दोन्ही एका गोळ्यात बसत नाही. कडक केला तर जातो पण हाताला झटका देतो. मऊ केला तर गोड लागतो पण जात नाही. मोठे कारखाने यावर दोन थर करतात: आत मऊ गोळा, वरून कडक. त्याला दोन साचे लागतात, दोनदा तापवावं लागतं. तुम्हाला ते एकाच साच्यात, एकाच तापात करायचं होतं.

तुमचं म्हणणं: खूप ताप, थोडा वेळ, आणि बाहेर काढल्याबरोबर पाण्यात. बाहेरचं पटकन शिजून कडक होईल, आतलं पुरतं शिजायच्या आधी थांबेल आणि मऊ राहील.

माझं म्हणणं: आतलं मऊ राहणार नाही, कच्चं राहील. शिजलेलं आणि कच्चं यांच्यात एक रेघ पडेल. आज उडेल, चार महिन्यांनी त्या रेघेवर गोळा सुटेल आणि लोक आपला माल परत पाठवतील. मला रबर पूर्ण शिजलेलं हवं.

तुम्ही आपल्या माळव्यातल्या, कणकेच्या बाफल्याचं उदाहरण दिलंत. बाटी आतबाहेर सारखी, बाफला वरून खरपूस आणि आत मऊ, मग लोक तूप ओतून बाफलाच का खातात? मी म्हटलं, बाफला आधी पाण्यात उकळतो आणि मग निखाऱ्यात जातो, तुमचा तर उलटा. तुम्ही म्हणालात, "म्हणून तो खायचा असतो आणि हा मारायचा."

आणि ते दुसरं, जे तुम्ही सगळ्या पाहुण्यांना सांगायचात. "तुम्ही देवासकरांनी एवढ्याशा गावाची दोन राज्यं केलीत, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि एका गोळ्यात दोन स्वभाव मानायला तयार नाही!"

मी म्हटलं, "दोन राज्यं केली म्हणूनच सांगते, वन्सं. मधली भिंत कोणी सांभाळायची?"

तुम्ही म्हणालात, "भिंत नाही, मंगल. उतार. काठापासून मध्यापर्यंत हळूहळू उतार."

भांडण चालू असताना मंगल म्हटलंत, एवढं मला लक्षात राहिलं. पटलं नाही ते नाहीच.

पाण्याची बादली तुम्ही प्रेसजवळ आणून ठेवायचात आणि मी उचलून बाहेर ठेवायचे. प्रेसजवळ पाणी नको. वीज आहे, फरशी निसरडी होते. तुम्ही परत आणायचात. मी परत उचलायचे. कैलास भिया म्हणायचा, "इस बाल्टी का महीना बाँध दो, सबसे ज्यादा काम ये ही करती है."

*

गोल्फ आपण दोघींनी एकदाच बघितलं. महूच्या एका निवृत्त कर्नलांनी बोलावलं होतं, आपला गोळा घातलेला चेंडू मारून दाखवतो म्हणून. एवढं हिरवं मैदान आणि त्यात माणसं मोजकी. तुम्ही काठाच्या खुर्चीवर बसायला नाही म्हणालात, थेट त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिलात. त्यांनी काठी उचलली तेव्हा तुम्ही डोळे मिटलेत. मी चेंडू कुठे जातो बघत होते. तुम्ही ऐकत होतात. नंतर म्हणालात, "ठप्प वाजतो. टक्क वाजला पाहिजे. आत सगळं सारखंच कडक आहे ना, म्हणून."

मग तुम्ही काठी मागितलीत. पहिल्या झटक्याला मातीचं ढेकूळ चेंडूपेक्षा लांब गेलं. कर्नल म्हणाले, "मैडम, बॉल को देखिए."

तुम्ही म्हणालात, "भाईसाहब, इतने साल से और क्या देख रही हूँ?"

दुसऱ्यांदा लागला. फार नाही गेला, पण गेला. परतताना गाडीत तुम्ही उजवा तळवा उघडझाप करत होतात. झटका बसला होता. तुम्ही तो माझ्यापुढे धरून म्हणालात, "हा बघ, तुझा पूर्ण शिजलेला गोळा." मी म्हटलं, लांब गेला ना?

*

दवाखान्यात तुम्ही रोज एकच विचारत होतात. "फळीवरचा कापलास?"

"तुम्ही आलात की कापू."

"मी कशाला हवी? करवत तुला चालवता येते."

"निकाल तुमच्यासमोर लागू दे. नंतर म्हणाल, कडकपणाचा मीटर वाकडा धरला."

तुम्ही हसलात. मुठीतला गोळा दाबलात, सोडलात. म्हणालात, "ऐक, कापायचा झाला तर हा काप. फळीवरचा ठेव. याला माझ्या हाताची ऊब लागली, घाम लागला. हा ठेवणीच्या चाचणीला बाद. तुला चार महिन्यांनी सुटेल म्हणायचंय ना, तर त्याला स्वच्छ नमुना लागेल. पोटात काय आहे ते बघायला हा चालतो. पोट काही दाबून बदलत नाही."

मी बरं म्हटलं. त्या वेळी ती चाचणीची गोष्ट होती, आणि चाचणीची गोष्ट म्हणून बरोबर होती. आजही बरोबर आहे. मी सगळ्या बाजूंनी विचार करून बघितला. फळीवरचा कापला तर ठेवणीला नमुना राहत नाही. दोन्ही ठेवले तर आज काहीच कळत नाही. कापायचा तो तुमच्या मुठीतलाच. यात दुसरा मार्ग नाही आणि तुम्ही नेहमीप्रमाणे मला बोलायला जागाच ठेवलेली नाही.

अडतंय ते वेगळ्याच ठिकाणी. कापला आणि आत रेघ निघाली, कच्चा चिकट मधला गर निघाला, तर मी जिंकले. मग मी ते कोणाला सांगू? आणि उतार निघाला तर तुम्ही जिंकलात, तेही तुम्हाला कळणार नाही. न कापता ठेवला तर निदान भांडण तरी आपलं दोघींचं राहतं.

हे मी तुमच्या भावांना सांगितलं तर ते म्हणतील, एवढ्याशा रबरापायी. म्हणून नाही सांगितलं.

त्यांनी अस्थी धरमपुरीला न्यायचं ठरवलं. तुम्ही नर्मदेचंच म्हणाला होतात. नावेत ते पुढे बसले, मी मागे. गोळा माझ्या पर्समध्ये होता. दवाखान्याच्या पिशवीतून मी तो तसाच पर्समध्ये टाकला होता आणि तिथून काढला नव्हता. मडकं रिकामं झाल्यावर ते मागे वळून म्हणाले, "तो पण सोडायचा का? तिचाच होता."

नाववाल्याने विचारलं, "क्या है, बाई?"

मी म्हटलं, "काही नाही. रबर. नदीत टाकायचं नसतं."

आणि खरंच टाकायचं नसतं, वन्सं. शिवाय तो बुडाला असता. तुमची ती जड पूड आहे त्यात, पाण्याहून जड. मी पर्सची चेन लावून घेतली. नाव काठाला लागली तेव्हा तुमच्या भावांनी माझी पर्स स्वतःच्या हातात घेतली आणि मग मला हात दिला. आधी पर्स, मग मी. हे तुम्हाला आवडलं असतं.

*

एक गोष्ट मात्र बरी झाली नाही.

पेरॉक्साइड शिजल्यावर जो वास मागे राहतो तो तुमच्या अंगाला असायचा. गोडसर, थोडा कडू बदामासारखा, थोडा फुलासारखा. तुम्हाला स्वतःला यायचा नाही. बसमध्ये एका बाईने तुम्हाला विचारलं होतं, आप इत्र का काम करती हैं क्या? तुम्ही आल्या आल्या ते मला सांगितलंत आणि आठवडाभर ऐटीत होतात. सोमवारी तुम्ही दारातून आत यायच्या आधी वास यायचा. मी नाक मुरडायचे. पिशवी बाहेर ठेवा, वन्सं, डब्याला लागतो.

तेराव्यानंतर मी धारला तुमच्या खोल्या आवरायला गेले. शेजारच्या काकूंनी चांगल्या मनाने तुमच्या सगळ्या साड्या धुऊन, इस्त्री करून, घड्या घालून ठेवल्या होत्या. कापडी पिशवीसुद्धा धुतलेली, दोरीवर उलटी वाळत घातलेली. मी एक एक साडी उचलून बघितली. काकू म्हणाल्या, डाग राहिलाय का कुठे? मी म्हटलं, नाही हो, छान निघाल्यात. सगळ्यांना साबणाचा वास होता.

कॅनव्हासचे बूट तेवढे खाटेखाली सापडले. ते मी तसेच घेऊन आले. त्यांना बुटांचाच वास आहे.

*

साचा स्वच्छ झाला. तेलाचा हात फिरवला. आता अंधार पडायच्या आत शेड बंद करायची. गोळा टेबलावर आहे, फळीवरचा फळीवर. उद्या सकाळी बघते.

*

१९ नोव्हेंबर.

सकाळी चहा घेऊन थेट शेडमध्ये आले. कैलास भिया प्रेस चालू करत होता. मी करवत पुसली, गोळा शिकंज्यात धरला. साच्यातून निघाल्यावर खडूने तुम्ही त्यावर एक बारीक टिंब केलं होतं, वर कुठला भाग होता ते कळायला. तुमच्या हाताने पुसलं जाऊन अर्धंच उरलं आहे. त्या टिंबावरूनच कापला.

रबर करवतीला धरून ठेवतं, तुम्हाला माहीत आहे. घाई करून चालत नाही. पाण्याचे दोन थेंब सोडत, हळूहळू. मध्यापाशी आल्यावर हाताला कळलं की आता सोपं जातंय. मी थांबले. मग पुढे कापत गेले आणि तो दोन अर्धुकांत पडला.

आधी वास आला. मी अर्धुक नाकाशी धरून उभी राहिले. कैलास भिया काहीतरी विचारायला येत होता, तो अर्ध्यातून परत गेला आणि प्रेसपाशी जाऊन उगाचच बोल्ट आवळत बसला.

मग मी उजेडात नेलं. रेघ शोधली. भिंग लावून शोधली. बोटाने चाचपलं, नखाने ओरखडून बघितलं. चिकट कुठे नाही. हार्डनेसचा मीटर सरळ धरला, वन्सं, अगदी सरळ, आणि काठापासून मध्याकडे टोचत गेले. प्रत्येक वेळी काटा आधीपेक्षा थोडा खाली. कुठे उडी नाही, कुठे खड्डा नाही. दुसऱ्या अर्धुकावर परत केलं. तसंच.

उतार.

मोठ्याने म्हटलं असणार, कारण कैलास भिया तिकडून म्हणाला, "क्या हुआ, भाभी?"

"वन्संचं बरोबर निघालं."

त्याने पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "तो अब बहनजी से कौन लड़ेगा?"

"मीच," मी म्हटलं. "अजून ठेवणीचं आहे. चार महिन्यांनी सुटेल असं मी म्हटलंय, ते काही खोटं ठरलेलं नाही."

फळीवरचा गोळा मी उतरवला. खडूने त्यावर आजची तारीख घातली आणि एकदाच, पाट्याच्या पाठीवर सोडून बघितला. टक्क वाजला. तो परत फळीवर ठेवला, होळी झाल्यावर कापायला.

मग कैलास भियाला सांगितलं, चारही खण भरा. ताप वन्संचा ठेवा, वेळही वन्संचा.

"और पानी?"

बादली बाहेर नळाखाली उलटी पडली होती. मी जाऊन ती सरळ केली, काठोकाठ भरली आणि उचलून प्रेसजवळ आणून ठेवली.